लाल चौकट आणि सरांची दाढ

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या दंत रुग्णालयाचे संचालक, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे सर, त्यांच्याशेजारी बसलेल्या वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निरोपाच्या भाषणात गुणच सांगायचे असतात. सरांचा पहिला गुण म्हणजे हट्ट.

एक्स-रेवरून दातांची कीड शोधणारं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं, तेव्हा सर म्हणाले, "मग माझे डोळे काय शोभेला आहेत?" उद्घाटनाला पाहुण्यांसमोर त्यांनी ऐटीत स्वतःचाच एक्स-रे पुढे केला. यंत्राने त्यांच्या दाढेभोवती लाल चौकट काढली.

"सावली आहे!" सर म्हणाले.

"अहो, कुणाला तरी दाखवून घ्या," वहिनी म्हणाल्या. पण दाखवणार कुणाला? त्यांच्या मते त्यांच्याहून मोठा दंतवैद्य कुठे होता? महिनाभरात ती सावली गाल धरून माझ्या खुर्चीत आली. दाढ उघडली, तर कीड पार खोलवर. तोंडात कापूस असल्यामुळे सरांनी त्या दिवशी प्रथमच माझं सगळं ऐकून घेतलं.

पण माणूस मोठ्या मनाचा. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक एक्स-रे आधी यंत्राला दाखवू लागले. मग काय, आमच्या संचालकांना जोर चढला. फर्मान निघालं: चौकट दिसली की दात कोरायचा, विचारत बसायचं नाही. अशात गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. समोरच्याच दाताला चौकट. सरांनी दात कोरडा केला, उजेड टाकून सगळ्या बाजूंनी पाहिला. दात ठणठणीत!

"यंत्र चुकत नाही," संचालक म्हणाले.

"माझ्या दाढेत नाही चुकलं. इथे चुकलंय. मी ड्रिल लावणार नाही."

"मग दुसरं कोणी लावेल."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे काढून ठेवले. बाई दात शाबूत घेऊन घरी गेल्या, आजही त्याच दाताने हसतात. सर थकलेत, त्यांना विश्रांती हवी, हा शोध मात्र लगेचच लागला. तो कोणत्या यंत्राने लावला, अध्यक्षमहाराज?

सर सोमवारपासून पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचा दवाखाना उघडताहेत. यंत्र तसलंच घेतलंय, पण कोरायचं की नाही ते माणूस ठरवणार. तिथे खुर्च्या दोन आहेत. दुसऱ्या खुर्चीपाशी मी असेन. हे आपल्याला आत्ताच कळतंय, याची मला कल्पना आहे.

सर्वांची मी आभारी आहे. एरवी मी भूल दिल्याशिवाय टोचत नाही. आज तेवढं राहून गेलं, सांभाळून घ्यावं.