अंबाजोगाईचे कॅफे आन् माझं लग्न

...आन् वरून लोकं मलाच म्हनत्यात, प्रविण, तुझी मजा हाय लेका, दर म्हैन्याला अंबाजोगाई, दर म्हैन्याला नवा कॅफे. मजा? तुमाला सांगतो, त्या गावात लोकं योगेश्वरीला जात्यात, मुकुंदराजाच्या समाधीला जात्यात, हत्तीखान्यात दगडाच्या हत्तीपाशी उभं राहून फोटू काढत्यात, आन् मी आठ खेपा करून बी त्यो हत्ती अजून बघितला न्हाई. कावून? तर मी पोरी बघायला जातो. वडवणीजवळ सा एकर रान, सीताफळाची बाग, वय चौतीस, नोकरी न्हाई. झाला माझा बायोडाटा.

पयले कसं, पोरीच्या घरी जायाचं, पोहे खायाचे. आता घरी पावणे आले की गल्लीला समजतं, जमलं न्हाई की पोरीचं नाव व्हतं, म्हनून समदे म्हनत्यात, कॅफेत भेटू. स्थळं आनत्यात आमचे बंकटमामा. फोनवर सांगत्यात, "इस्तरीचा शर्ट घाल, आन् शेतीचं काई बोलू नको." मग काय बोलू? मला दुसरं येतंय काय?

पयला कॅफे देवळाच्या रस्त्याला. आत खुर्च्याच न्हाईत, नुसते झोपाळे. पोरीचे वडील एकावर, मी समोरच्यावर. ते झुलत पुढं आले, "नोकरी कुठं?" म्हनलं, शेती हाय. ते मागं गेले. पुन्यांदा पुढं आले, "जोडधंदा?" म्हनलं, दोन म्हशी. मागं गेले ते तिकडंच पाय टेकवून बसले. कॉफीवर दुधाचा बदाम काढून आनलेला. पोरीनं चमचा घातला आन् ढवळून टाकला. म्या माझा तसाच ठिवला, बघत बसलो, गार झाला. जागा मातर लई झकास होती.

मग एक कॅफे जुन्या दगडी कमानीखाली. आत दिवसाढवळ्या मुद्दाम अंधार केल्याला. तिथली पोरगी म्हनली, "पुण्यात काय आहे तुमचं?" म्हनलं, आत्या हाय. तिचा भाऊ हसला आन् उठताना म्हनला, "कळवतो हं." अजून कळवतोय. जागा मातर लई झकास होती, केक तर असा की बस. घरी गेलो की आई काई इचारत न्हाई. शर्टावरचा केकचा चुरा झटकती आन् म्हनती, "पोट भरलं ना बाबा?" लई वाईट वाटतं बघा. तिनं शिव्या दिल्या तरी चालंल, पर हे नको.

आन् मग सापडली बेकरी. येष्टी लवकर पोचली म्हनून हिंडत गेलतो, मंडी बाजाराच्या मागं एका बोळात. लाकडाची भट्टी, चारला खारी निघती. मागच्या अंगाला चार खुर्च्या, एक खिडकी, खिडकीत लिंबाचं झाड. बेकरीवाले चाचा म्हनले, "बैठो बेटा, गरम है." म्हनलं, आता पुढची पोरगी हितंच बोलवायची.

ती दिपाली. दवाखान्यात सिस्टर. एकटी आली. चहात खारी बुडवली, ती तुटून कपात पडली, तिनं चमच्यानं काढून खाल्ली. मग म्या बी माझी पाडली. मामाचं ऐकलं न्हाई, शेतीचंच बोललो. सीताफळ पिकायला येऊन डोळे उघडतं तवा कसं हळू काढायचं, तवाच्या तवा बाजारात न्यायाचं, समदं. ती ऐकत होती, खरंच ऐकत होती, मधीच इचारत होती. दीड तास. मला वाटलं, जमलं. मनात तिला आईपुढं उभी बी केली वो म्या.

मग ती म्हनली, "तुम्ही चांगले आहात. पण माझ्या आईनं अख्खा जन्म रानात काढला. शेतकऱ्याशी लग्न करणार नाही, असा तिला शब्द दिलाय मी." आईला दिलेला शब्द. मला बी आई हाय की.

पर्स उचलली, दोन पावलं गेली आन् माघारी आली. "राग मानू नका, रविवारी एक स्थळ येतंय. बँकेत आहे मुलगा. तुम्हाला इथले एवढे कॅफे माहीत आहेत... कुठं बोलवू?"

आता तुमीच सांगा, काय करावं मानसानं? झोपाळ्याचा सांगता आला असता. अंधाराचा सांगता आला असता, त्यो बँकवाला ठेचकाळला असता चांगला. तोंडावर आलतं माझ्या. पर ती आपली भाबडेपनानं उभी, वठाला खारीचा कन लागल्याला. म्हनलं, "हितंच बोलवा. चारला या, गरम खारी मिळंल. खिडकीजवळची खुर्ची धरा."

परवा मेसेज आला तिचा. जमलं म्हने. जागा त्यानला बी लई आवडली.

म्या हात जोडल्यालं चित्र धाडलं. मग मामांना फोन लावला, म्हनलं, मामा, ह्या बारीला परळीची बघा. अंबाजोगाई माझी बघून झाली.