सुनेच्या तोंडावरचं फडकं

मंडळी, एक सांगा. देवाने दिलेलं अंग झाकून घेतलं, तर त्यात लाजायचं काय? गप्प का? बरं, ऐका तर!

खाडीकाठच्या मिठागरात जोमाबाबा नावाचा म्हातारा होता. चाळीस वर्षं उघड्या अंगाने मीठ ओढलेला! मिठागराचं ऊन कसं? वरून तर येतंच, पांढऱ्या मिठावरून उलटून खालूनही येतं. सुटका नाही! पण बाबाला त्याचाच तोरा — "आपल्या कातडीला सूर्य घाबरतो!"

कानाच्या पाळीवर सहा महिने जखम होती. खपली धरायची, फुटायची. बाबा हळद चोपडायचा आणि मुंडाशाखाली लपवायचा!

त्याची सून द्वारका. माहेर डोंगरातलं, मिठागर नवं. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, तोंडाला फडकं बांधून कामावर यायची.

"अगं ए मडमिणी! मीठ ओढायला आलीस की सिनेमाला?"

"मामा, आग होते हो तोंडाची. तुम्हीपण अंग झाका ना."

"मला शिकवतेस?" — आणि चारचौघांत ओढलंन फडकं! फेकलंन चिखलात!

हसू नका मंडळी. तिथेही सगळे असेच हसले.

द्वारका दिवसभर उघड्या तोंडाने राबली. रात्री भाकरी वाढताना तिचं तोंड सुजून लाल! दोन दिवसांनी गालांची सालं निघाली. बाबाने ताटातून मान वर केली नाही. चुकलो, एवढं म्हणायला जीभ उचलेना!

आणि त्याच सुनेला मुंडाशावर रक्त दिसलं. हट्टाने तालुक्याच्या दवाखान्यात नेलंन. डॉक्टर म्हणाले, "पाळीची कड कापावी लागेल. तुकडा कर्करोग नाही ना, ते तपासायला पाठवू. उन्हानेही असं होतं." मग द्वारकेवरच डाफरले, "काय हो बाई, म्हातारा माणूस उन्हात उघडा, घरात कुणाचं लक्ष नाही?"

द्वारका खाली बघत राहिली.

मंडळी, आता बाबाला गप्प बसता आलं असतं. अब्रू शाबूत, दोष सुनेचा! कितीदा बसतो आपण असे?

बाबा पुढे सरकला. "डॉक्टर, तिला बोलू नका. ती झाकून येत होती, मलाही झाक म्हणत होती. मीच तिचं फडकं ओढलं. तिच्या तोंडाची ही सालं... ही माझीच करणी."

द्वारका एवढंच म्हणाली, "मामा, आधी तुमच्या कानाचं बघू."

रागावली असती तर बरं झालं असतं! त्या शब्दाने म्हातारा हुंदके देऊन रडला.

आता आपलं. अंग देवाचं, आपल्याकडे सांभाळायला दिलेलं. रुंद काठाची टोपी घाला, बाह्या खाली सोडा, भर दुपारी सावली धरा. जखम भरत नसेल तर लपवू नका! आणि घरात कुणाची अशी टिंगल केली असेल, तर देवाला हात जोडण्याआधी त्या माणसाकडे जा. चुकलो म्हणा. बंद दाराआड नको — टिंगल केलीत जितक्यांसमोर, तितक्यांसमोर म्हणा!

आहे कुणाची तयारी? मंडप भरलाय... आणि एक हात वर नाही. माझाही नाही, मंडळी. चला, नाव घेऊ देवाचं — जमलं तर मान खाली घालून.