सात डोक्यांची चकती

—नाही नाही, ती बारीक भोकाची चकती आधी पिशवीत टाका काका. आमच्याकडे सात माणसं आहेत. घरात सहा माणसांपर्यंत नळाला बारीक भोकाची चकती, सातपासून मोठ्या भोकाची, असं सकाळपासून तुमच्याच पालिकेच्या गाडीचा भोंगा बोंबलतोय ना? मग? बसवा मोठी, मारा सील, आणि शेजारच्या दाराला जा... डोकी बघितल्याशिवाय नाही? बघा की! हे आजोबा, त्या खुर्चीत. झोपलेले नाहीत हं, ऐकताहेत सगळं, झोपेचं सोंग घेण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. बाबा दुकानात, आई आत, दादा गोदामावर, आणि मी ही तुमच्यासमोर धडधडीत उभी. पाच झाले. वहिनी सहा. तिचं बाळ सात. हिशेब संपला. कुठे आहेत म्हणजे? असतील इथेच कुठेतरी. लेकुरवाळी बाई काय दिवसभर तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसेल?

आणि नियम मला नका शिकवू, हेच तर शिकलेय मी कॉलेजात. वर्षभरात देशात जेवढं पाणी नव्यानं येतं — पाऊस, नद्या, जमिनीत मुरतं ते — त्याला माणसांनी भागायचं. जे उरेल ते माणशी पाणी. आजोबा तरुण होते तेव्हा माणशी जेवढं यायचं, त्याच्या निम्म्याइतकंही आता येत नाही. पाऊस तेवढाच, खाणारी-पिणारी तोंडं वाढली — साधा भागाकार आहे, चौथीतल्या पोराला कळेल. पण या घरात कळेल तर शपथ! आजोबा दाढी करणार नळ सोडून, का? तर धार पडत असली की हात थरथरत नाही म्हणे. बाबा रोज दुकानाची पायरी धुणार, गिऱ्हाईकाला बरं वाटतं म्हणून. आई म्हणणार, आमच्या वेळी असं मोजमाप नव्हतं बाई. आमच्या वेळी, आमच्या वेळी! तुमच्या वेळी तुम्ही बदाबदा ओतलंत म्हणून आमच्या वेळी ठणठणाट, एवढं म्हटलं की मी उद्धट. आजोबा काय म्हणाले ठाऊक आहे? ‘तुझा आकडा पिऊन तहान भागते का गं?’ ...हसू नका काका, त्यांना चेव येतो.

म्हणून मग मीच घेतलं हातात. कुणीतरी घ्यायलाच हवं होतं ना? नळ येतो अर्धा तास, तोही चोरासारखा. मी मोरीत ओळीनं बादल्या मांडल्या, प्रत्येकीवर नखांच्या रंगानं खूण केली. आपली बादली संपली की दिवस संपला, दुसऱ्याच्या बादलीला हात लावायचा नाही. आणि चाललं हो! आजोबांनी नळ बंद करून दाढी केली, दोनदा कापून घेतलं, पण केली. बाबांची पायरी कोरडी. मी जिंकले होते काका, आयुष्यात पहिल्यांदा या घरात माझं कुणी ऐकत होतं... बाळाची? बाळाची होती ना. अर्धी होती. लहान बादली, ती पलीकडची, निळी. आता असं बघू नका माझ्याकडे! एवढंसं पोर, ते काय पायरी धुणार आहे? — हो, माहितीये मला. मोजणीत तान्हं पोरही अख्खंच धरतात. तोच तर आकडा मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवला होता. घरी मात्र अर्धं धरलं. आणि आज तुमच्या चकतीसाठी मला ते अख्खं हवंय. लाज वाटते ना ऐकून? मलाही वाटते, पण तुम्ही पाना खाली ठेवू नका, मोठी काढा ती.

दोरीवर काय बघताय? कपडे आहेत. आमचेच. बाळाचे नाहीत, बरोबर, बाळाचे नाहीत. वाळले असतील, काढले असतील... तुम्ही नळ बसवणारे आहात की पोलीस?

बरं. गेलीये ती. माहेरी. म्हणजे चार दिवसांसाठी जातात तशी नाही — पण येणार आहे, कायमची नाही गेली, दादाला म्हणाली, ‘बाळाला पुरेल एवढं पाणी असेल तेव्हा येईन.’ झालं तर मग! तुम्ही मोठी चकती लावा, पाणी येईल, पाणी आलं की ती येईल, ती आली की सात होतील. जरा पुढचं आज मोजायचं, एवढंच. यात काय मोठं पाप आहे? ...हो, गल्लीच्या शेवटच्या घरांना तेवढं कमी येईल. येईल. ते मी तुम्हाला सांगायला हवं, तुम्ही मला नाही.

मी नाही घालवली तिला. म्हणजे — बाळाचं पोट बिघडलं होतं, दुपटी धुऊन धुऊन बिचारीचे हात सोलले होते, आणि संध्याकाळी ती हळूच म्हणाली, ‘माझी बादली सकाळीच कमी होती हो, कुणी घेतलं का?’ कुणाचं नाव नाही घेतलं. नुसतं विचारलं. आणि मी सगळ्यांसमोर तिची बादली उचलून खूण दाखवली. म्हटलं, वहिनी, हिशेबात चूक नसते, वापरणाऱ्यात असते. म्हटलं, तुमच्या माहेरी दारात नदी आहे ना, मग इथे कशाला जीव जाळता? आई पोळ्या लाटत राहिली. बाबा म्हणाले, ‘ती शिकलेली आहे, तिला कळतं.’ माझ्या बाजूनं बोलले! जन्मात कधी नव्हे ते, आणि नेमके तेव्हा! एरवी माझ्या शब्दाशब्दात खोट काढणारी ही माणसं, त्या दिवशी एकानं तरी म्हणायचं होतं ना — कार्टे, गप्प बस?

कारण तिच्या बादलीतलं पाणी घेतलं होतं, काका. मीच घेतलं होतं. त्या दिवशी कॉलेजात मला बोलायचं होतं, सगळ्यांपुढे, पाण्यावरच. केस धुतले, फेस काही जाईना, माझी बादली तळाला गेली, आणि शेजारी तिची भरलेली. दोन तांबे. फक्त दोन — नाही, तीन. मग चमकत्या केसांनी जाऊन मी सांगितलं की प्रत्येक थेंबावर कुणाचं तरी नाव असतं. टाळ्या पडल्या... हे मी दादाला नाही सांगितलं. तो जेवतो, उठतो, झोपतो. आईलाही नाही. तुम्हाला का सांगितलं देव जाणे, तुम्ही निदान मधे तोंड घालत नाही म्हणून असेल.

थांबा! हात काढा त्या बारीक चकतीवरून. एकदा सील मारलं की वर्षभर हलत नाही म्हणालात ना? मग कुठलीच नका बसवू. हो हो, ऐकलं — चकती नाही तर नळ बंद. राहू दे बंद. सगळ्या गल्ल्या करून तुम्ही परत याल ना या बाजूला? तेव्हा या. तोवर चौकातल्या टाकीवरून मी भरेन, माझ्या हातांना काय झालंय? घरातले ओरडतील, ओरडू देत, या खेपेला त्यांचं ओरडणं बरोबर असेल. मी तिच्याकडे जातेय. आत्ताच. ती तीन तांब्यांचं सांगेन, आधी तिला, मग दादाला. आली तर सात मोजा. नाही आली तर... तुम्हाला काय, तुम्ही बारीक लावून मोकळे.

आजोबा, उठा, पुरे झालं सोंग. डोळे पुसायचे असतील तर उघडपणे पुसा. — आणि काका, तुम्ही अजून इथेच? निघा ना. शेजारचे खोळंबलेत.