अंडं मालनचं, पंप माझा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे विश्वस्त माननीय जयवंतराव, व्यासपीठावरील प्राचार्य महोदया, उद्यापासून सकाळी उशिरा उठायला मोकळी झालेली आजची सत्कारमूर्ती, आमची मालन ओव्हाळ, प्राध्यापक मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माजी विद्यार्थी हो,

मी वसुधा परुळेकर. याच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र विभागाची प्रमुख होते. हे मलाच सांगावं लागतंय, कारण सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘मालन मॅडमच्या जुन्या सहकारी’ एवढीच करून दिली. जुनी आहे, कबूल. पण माणसाला स्वतःचीही काही ओळख असते, नुसती कुणाची शेजारीण म्हणून नसते.

मला आज भेटवस्तू द्यायला बोलावलंय. सोबत दोन शब्द बोलावेत, असंही सुचवलंय. दोन शब्दांत माझं भागतं का, हे माझ्या विद्यार्थ्यांना आधी विचारायला हवं होतं.

माझाही निरोप झाला होता बरं का. स्टाफरूममध्ये. समोसे गार होते आणि निम्मी मंडळी पेपर तपासायला गेली होती. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते बंद पडलंय. आणि आज बघा, सभागृह गच्च, मालनच्या केसांत मोगरा, दारात रांगोळी. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगत, दुसऱ्याचं भलं झालं की चेहरा प्रसन्न ठेवावा. ठेवलाय. गाल दुखायला लागलेत.

आत्ताच डॉक्टर रुचिरा बोलल्या. किडनीच्या एवढ्या मोठ्या डॉक्टर, दवाखाना सोडून आल्या. म्हणाल्या, “पेशीपटल मला मालन मॅडमच्या अंड्याने शिकवलं.” केवढ्या टाळ्या! मीही वाजवल्या. दोन.

ते अंडं ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की त्याचं कवच विरघळतं. उरतं ते पातळ पापुद्र्यात धरलेलं लिबलिबीत अंडं. ते साखरेच्या दाट पाकात ठेवलं की आतलं पाणी बाहेर येतं आणि अंडं सुरकुततं. साध्या पाण्यात ठेवलं की पाणी आत शिरतं आणि ते पुन्हा टम्म. पाण्याला पापुद्र्यातून वाट मिळते, साखरेला सहजासहजी मिळत नाही. झालं, एवढंच. पण मुलं काय किंचाळायची!

आता गंमत अशी, की तेव्हा आपल्या संस्थेच्या आवारात अंडं चालत नसे. जयवंतराव, आपण खाली बघू नका, नियम आपल्या आधीचा आहे. मालन वाकोल्याहून स्टीलच्या डब्यात, वर पोळ्या ठेवून, अंडं आणायची. एकदा तो आरडाओरडा माझ्या वर्गापर्यंत आला. मी तिला झापायला म्हणून गेले, तर मागून तेव्हाचे प्राचार्य हजर. पांढराशुभ्र सफारी.

“हे काय आहे?”

मालन घाईघाईने डब्यावर पोळी झाकायला लागली. पहिल्या बाकावर केयूर, ज्याच्या घरी कांदासुद्धा येत नाही, तो डोळे मिटून बसलेला. शेवटी मीच म्हणाले, “रबरी चेंडू आहे, सर.”

सरांनी तो उचलला. टेबलावर वीतभर उंचीवरून सोडला. उडाला! सर खूश. म्हणाले, “वा, टप्पा चांगला आहे.” आणि खांद्याच्या उंचीवरून पुन्हा सोडला.

हसा, हसा. सफारीला हळद लागली आणि मेमो विभागप्रमुखांना. अंडं मालनचं, टाळ्या मालनच्या, मेमो माझा.

काय म्हणतेस, मालन? “मॅडम, चेंडू तुम्हीच म्हणालात ना!” गप्प बस गं. निरोप तुझा असला तरी बोलायची पाळी माझी आहे.

आणि एक सांगून ठेवते. तो पापुद्रा म्हणजे पेशीपटल नव्हेच! तो निर्जीव असतो. खरं पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर आणि त्यांत बसवलेले प्रथिनांचे दरवाजे. ऑक्सिजन सरळ पलीकडे जातो. साखरेला दरवाजा लागतो. पण जिथे आधीच दाटी आहे, तिथेच आणखी लोटायचं असेल तर? तिथे पंप लागतो, आणि पंपाला शक्ती. सोडियम बाहेर मुबलक, तरी पेशी तो बाहेरच फेकते. पोटॅशियम आत मुबलक, तरी आत ओढते. हे थांबलं की पेशी फुगून मरते. हे तुमच्या अंड्यात दिसतं? दिसत नाही. ते कोण शिकवायचं? मी. पाक नाही, फुटणं नाही. फळ्यावर नुसते बाण, आणि बाकावर मूठ आपटत घोकंपट्टी. डॉक्टर रुचिरा, तुमच्या पेशंटची किडनी अंड्यावर चालते की पंपावर?

मान खाली घालून हसताहेत.

विचारूनच टाकते. नाही आलं उत्तर तर भेटवस्तू देऊन गुपचूप घरी जाईन. सांगा, पंपाच्या एका फेरीत सोडियम किती?

…काय? भिंतीकडचे, मोठ्याने. तीन बाहेर! आणि पोटॅशियम? दोन आत! अहो, सगळेच? केयूर, टक्कल पडलं तुम्हाला, खुर्चीवर मुठी काय आपटताय! रुचिरा, तूसुद्धा? आणि मालन, तू कशाला टेबल बडवतेस, अध्यक्षांच्या अंगावर पाणी सांडलं ना!

माईक द्या तिला. काय? “तुमचा वर्ग शेजारीच होता, मॅडम. रोज ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. पुढे मीही तसंच घोकून घेतलं.”

…थांबा जरा. चष्मा पुसते.

बरं. माझ्या आत मालनबद्दल मत्सर ठासून भरलेला आहे, आणि आजचं सभागृह बघून त्यात भरच पडली. त्यातून कौतुक आपोआप झिरपत नाही, शक्ती लावून बाहेर लोटावं लागतं. तर लोटते. मालन, तू माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंस. नीट ऐकलंस ना? पुन्हा म्हणणार नाही.

हे घे, तुझ्या मुलांनी बनवून घेतलेलं काचेचं अंडं. टप्पा घालून बघू नकोस. आणि घड्याळाशी अदलाबदल करायची असेल, तर माझं घर तुला ठाऊक आहे.

संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि मुठी आपटणाऱ्या सर्वांचे आभार. माझ्या तोंडून जे जादा बाहेर पडलं, त्याची क्षमा असावी. जे आत राहिलंय, त्याची मात्र मी मागत नाही.