निजामाच्या काळातला दाखला

नाय साहेब, शिक्षण खात्यातनं आलात तरी तक्रारीवरच्या ह्या खुलाशावर मी सही करणार नाय — पुन्हा पुन्हा पेन पुढं करू नका. काय लिहिलंय ह्यात? की असा गृहपाठ दिलाच नव्हता, विद्यार्थिनीचा गैरसमज झाला. हेडमास्तरांनीच लिहून दिलं ना? शाळेचं नाव राखायला महेजबीनला खोटं पाडायचं, व्हय? दिला होता गृहपाठ. मीच दिला. बावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवते — पोरं परिपाठाला उद्देशिका घडाघडा म्हणतात, अन् नागरिक म्हणजे कोण विचारलं की खाली बघतात. म्हणून म्हणलं, आपण इथले नागरिक आहोत हे सांगणारा घरातला जुन्यात जुना कागद आणा. काय चुकलं त्यात? काय बी नाय चुकलं.

आणले पोरांनी. सत्यभामानं लासूरचं जुनं रेशनकार्ड, सम्यकनं आज्याचं रेल्वेतलं ओळखपत्र. महेजबीननं पणजोबाचा शाळेचा दाखला आणला — निजामाच्या काळातला, सगळा उर्दूत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून. मी उलटासुलटा करून बघितला, अन् — अन् म्हणलं, हा चालणार नाय, दुसरा आण. भर वर्गात. मागं कुणीतरी हसलं, त्यालाबी मी गप बस म्हणलं नाय. असं काय बघता? तिच्या वडिलांच्या तक्रारीत हे नाय, व्हय? बाईंनी कागद मागितले, एवढंच आहे? म्हणजे पोरीनं घरी सांगितलंच नाय. मग मी सांगते, लिहून घ्या.

बाकी कुणाला म्हणलं का मी, दुसरा आण? नाय म्हणलं. मला उर्दू वाचता येत नाय म्हणून तसं बोलले — आठ दिवस मनाला हेच सांगतेय, अन् आठ दिवस तिचा बाक रिकामा आहे, दहावीचं वर्ष असून. खरं सांगू? आमच्या पेटीत माझ्या आज्याचा वतनाचा कागद आहे. तोबी उर्दूतच. घरात कुणाला एक अक्षर लागत नाय, तरी आल्यागेल्याला मी छाती फुगवून दाखवते — बघा, आम्ही इथले. मला नाय कुणी कधी म्हणलं, दुसरा आण.

चौकशी लावा, निलंबित करा, लई झालं तर नोकरी जाईल. पण ती पोरगी खोटी ठरणार नाय. शाळा सुटली की मी शहागंजला तिच्या घरी जाणार आहे, आज्याचा कागद घेऊन. म्हणणार, माझं चुकलं, अन् एवढं मला वाचून दे. देईल का? ते तिनं ठरवावं.

घंटा झाली. तुमचा खुलासा उचला अन् निघा, साहेब. मला तास आहे.