सौम्य झटका

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हृदयाचे आलेख काढणारी तंत्रज्ञ क्षणभर टेकली होती. शेजारी बेकरीवाल्याची बायको आपल्या धाकट्या दिराशी बोलत होती.

"भावजी, पलीकडच्या खाटेवरच्याला आल्या आल्या हृदयाच्या शिरेत नळी घालायला पळवलं. ह्यांना नाही नेलं. म्हणजे ह्यांचा झटका सौम्यच."

"वहिनी, चहा घ्या आधी."

"परवा छाती चोळत होते, तरी भट्टी सोडेनात. म्हणे, पाव करपले तर गिऱ्हाईक मलाच भाजून खाईल! मी पित्ताची गोळी दिली. उतार पडला की हो!"

"हं."

"लेकीला कळवते, परीक्षा संपवूनच ये. बाबांना नळीसुद्धा लागली नाही."

"वहिनी, फोन ठेवा."

"का?"

"डॉक्टर म्हणाले, परवाच आणायला हवं होतं. आता रक्ताची वाट मोकळी केली, तरी हृदयाचा मेलेला भाग परत येत नाही. म्हणून नाही नेलं."

ती एकदम तंत्रज्ञाकडे वळली.

"ताई, ह्यांचा आलेख तुम्हीच काढलात ना? सौम्यच आहे ना?"

तंत्रज्ञाने मनात दोन वाक्ये जुळवली. दोन्ही अचूक होती, म्हणून तिने दोन्ही गिळली.

"मुलीला आजच येऊ द्या."