मास्तरांचं बंद कपाट

कपड्यांना कुबट वास येतो म्हणालीस ना, मग आमच्या मास्तरांचं ऐक. माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो, हे तर तुला माहीतच हाय. त्यांनी बेडरूममधलं लाकडी कपाट बाथरूमच्या भिंतीला पार चिकटवून ठेवलं होतं. त्या भिंतीला पावसाळाभर ओल असते.

मी लय वेळा म्हणलं, "अहो, कपाट वीतभर पुढं घ्या. दुपारी दारं उघडी ठेवू, कपड्यांना हवा लागंल."

"धूळ जाती आत," ते म्हणायचे. "विज्ञान मी शिकवतो का तू?"

दिवाळीनंतर पालमला माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं. मास्तरांनी काळा कोट काढला, तर पाठीवर पांढरी बुरशी. निघायची घाई, म्हणून फडक्यानं झटकून तसाच घातला.

मांडवात माझ्या मावशीनं कौतुकानं त्यांच्या पाठीवर हात फिरवला. बोटांना पांढरं लागलं.

"जावईबापू, अंगारा कुठला हो?"

बुरशी म्हणायची मास्तरांना लाज वाटली. "वैजनाथाचा," म्हणाले.

मावशीनं डोळे मिटले आणि बोटं कपाळाकडं नेली. मी तिचा हात धरला. "मावशी, देवाचा न्हाई. आमच्या कपाटातली बुरशी हाय ती."

सगळा मांडव हसला. मास्तर जेवायलासुद्धा थांबले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कपाट पुढं ओढलं. आता घरी येईल त्याला सांगायलेत, "कपाटामागं हवा खेळती पाहिजे. बायकांना हे कळत न्हाई."